कामठीहून आणलेली बॅट

मंगळवारी सकाळी दादा मैदानावर गेला. नऊ वाजता तिथून मला फोन आला, तो गेल्याचा. अंत्यविधी नागपुरातच झाला आणि मी साताऱ्याला, माझ्या शाळेवर परतलो.

तीन महिन्यांनी आईने पहिल्यांदा काही मागितलं : दादाची बॅट. दादा भारताकडून मोजके कसोटी सामने खेळला, सगळे त्याच बॅटने. पहिल्याच कसोटीत त्याने दिवसभर उभं राहून हरणारा सामना वाचवला. त्या वेळी आई देवघरात टीव्हीकडे पाठ करून बसली होती. आपण पाहिलं की तो बाद होतो, अशी तिची समजूत. म्हणून तिने त्याला खेळताना कधीच पाहिलं नाही. पुढे संघातून वगळल्यावर दादा नोकरीच्या गावी, नागपुरातच राहिला, मुलांना क्रिकेट शिकवू लागला. बॅटवरचे चेंडूचे लाल डाग मात्र त्याने पुसू दिले नाहीत.

"ते डाग मला बघायचेत," आई म्हणाली. "आता काही तो आउट व्हायचा नाही."

नागपूरला गाडी दोन तास उशिरा पोचली. स्टेशनबाहेर तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि रस्सा सदऱ्यावर सांडला. शेजारच्या गृहस्थांनी पाणी पुढे केलं. "पुण्याकडचे दिसता," ते म्हणाले. मी सातारा म्हणालो. "तेच ते," त्यांनी निकाल दिला.

बॅट नागपूरजवळ कामठीला मारोतरावांच्या घरी होती; न्यायला येतो, असं मी त्यांना कळवलं होतं. दादाच्या मैदानाची खेळपट्टी तेच राखत, त्याचं सामानही. शेअर ऑटोत पाचवा म्हणून अर्धा बाहेर बसलो. सपाट माळ, मग लष्कराची लांब भिंत, मग गल्लीत शिरल्यावर यंत्रमागांची खडखड. त्या आवाजात मारोतरावांना माझी तिसरी हाक कुठे ऐकू आली.

"सरायचे भाऊ! या नं, आत या." त्यांनी धुतलेल्या धोतरात गुंडाळलेली बॅट माझ्या मांडीवर ठेवली.

मी धोतर सोडलं. बॅट कोरी होती. पांढरं लाकूड, जवसाच्या तेलाचा वास. डाग एकही नव्हता.

"तीन दिवस पॉलिशपेपरनं घासून राहिले होते," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "घरचं दार कधी घासलं नाही यायनं."

"तू चहा ठेव वं," मारोतराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "माणसाच्या घरी त्याची वस्तू मळकी कशी पाठवाची? सर असते तर हात लावू देत नव्हते."

मी आईचं आणि डागांचं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मले काहून नाही सांगतलं कोणी?"

चहावर साय धरली. मग त्यांनी माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि बोटं बॅटवर टेकवली, तळापासून सहा-सात बोटं वर. "डोळे मिटा, गुरुजी. आता सरकवा." लाकूड एका जागी हलकेच खाली गेलं, झिजलेल्या पायरीसारखं. "चेंडू तिथंच बसे त्यायचा. रंग गेला माह्या हातानं. हे माह्या बापाच्यानं बी नाही जात."

निघताना त्यांनी संत्र्यांची पिशवी दिली. बॅटकडे पाहणं मात्र टाळलं.

परतीच्या गाडीत मी बॅट वरच्या फळीवर ठेवली नाही. घरी आईने ती चष्मा लावून पाहिली, उलटून पाहिली.

"कुठे आहेत रे डाग?"

मी घडलं ते सांगितलं. मारोतरावांच्या वतीने काही बोलणार, तोच तिने चष्मा काढला आणि हात पुढे केला. मी तिची बोटं त्या जागेवर ठेवली.

"इथे?"

"इथेच."

ती बराच वेळ बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्या माणसाला कळव, मिळालं म्हणून."

मी कामठीला पत्र टाकलं आहे. बॅट आईच्या पलंगाशी उभी असते. तिच्यावर डाग नाहीत, खळगा आहे.