पत्र्याच्या पेटीवरचा दिवा

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असं मी चारचौघांत सांगत फिरतो. तुम्हालाच का सांगतोय — मलाही नीट कळत नाही. ऐका, एवढंच.

मी चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. बिनतारी वीज हा माझा विषय. तारेच्या एका वेटोळ्यातून समोरच्या वेटोळ्यात वीज जाते, मध्ये काही जोडलेलं नसतानाही — पण वाटेत सांडते फार. ती सांड कमी करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून एक दिवा केला. जिवतीकडच्या डोंगरात पावसाळ्यात दिव्यांची चार्जिंगची भोकं गंजतात, मुंग्या शिरतात. माझ्या दिव्याला भोकच नव्हतं. छपरावर सोलर, घरात वेटोळ्याची एक चकती. चकतीवर दिवा ठेवला की झालं. काय मिरवलो मी तो दिवा घेऊन!

आता — कसं सांगू? चकतीखाली लोखंड आलं, की वीज दिव्यात जायच्या ऐवजी त्या लोखंडातच जिरते. प्रयोगशाळेत एकदा चकती लोखंडी कपाटावर ठेवली, तेव्हा दिव्यात पोचणाऱ्या विजेचा आकडा धाडकन पडला होता. उपाय साधा होता. चकतीच्या बुडाशी फेराइटचा पातळ थर, म्हणजे वीज खालच्या लोखंडात जिरत नाही. पण त्यासाठी सगळ्या चकत्या पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या, आणि जिवतीकडच्या एका गावात दिवे वाटायचं उद्घाटन तोंडावर आलेलं. मग मी काय केलं? चकती सागवानी टेबलावर नेली आणि तिथला आकडा उद्घाटनाच्या पाहुण्यांना दाखवला.

डोंगरातल्या घरात कुठलं आलंय सागवानी टेबल? तिथे जमिनीला उधळी, म्हणजे वाळवी, लागते, म्हणून जपायची प्रत्येक वस्तू पत्र्याच्या पेटीवर ठेवतात. माझी चकतीही तिथेच गेली. फुलं वाहिली हो लोकांनी तिला! पेटीवर नको म्हटलं असतं, तर कुणीतरी कारण विचारलं असतं. पाहुणे सोबत होते. मी हसून फोटो काढून घेतले.

पहिल्याच पावसाळ्यात त्या गावातल्या मैनाबाईची सासू पहाटे उठली. ऊन आधीच कमी, त्यातली वीज पेटीच्या पत्र्यात जिरलेली; दिवा पेटेना. अंधारातच ती चुलीशी गेली, आणि सरपणात मण्यार होती. दवाखान्यात पोचेपर्यंत म्हातारी गेली.

मी भेटायला गेलो. मैनाबाईच्या नवऱ्यानं, तुळशीरामनं, विचारलं, "सर, दिवा काऊन नाई पेटला?"

त्याच्या मागेच ती पेटी होती, पेटीवर चकती. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी दुसरंच बोललो — म्हणालो, दिवा चकतीच्या मधोमध ठेवला नसेल. दिवा रोज कोण ठेवायचं? मैनाबाई.

"म्या तं रोज मधातच ठेवत होती, सर," ती म्हणाली. पण सर सांगताहेत म्हटल्यावर तिलाच स्वतःची शंका येऊ लागली. तिच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं — आणि मी चपला घातल्या.

पुढे मी गावातल्या सगळ्या चकत्या बदलून दिल्या. सुधारित, फेराइट घातलेल्या. त्याचंही कौतुक झालं. दिवे लख्ख पेटतात आता. तुळशीराम मात्र बायकोशी कामापुरतं बोलतो. नणंदा येतात, तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. सासूचा जीव हिच्यामुळे गेला, हे गाव अगदी सहज बोलतं. मला लाज वाटते, खूप वाटते — पण त्या लाजेचा मैनाबाईला काय उपयोग? त्या गावाच्या फाट्यावर मी गाडी हळू करतो आणि पुढे काढतो.

यंदा एकदा गेलो. मैनाबाईनं चकतीवर चुन्यानं गोल आखलाय. माझ्यासमोर तिनं दिवा त्या गोलात ठेवला, वाकून पाहिलं, उचलला, पुन्हा ठेवला.

"आता बराबर ठेवतो, सर," ती म्हणाली. "तवासारखी चूक नाई होऊ देत."

मीही वाकून पाहिलं. म्हणालो, "हो. आता बरोबर आहे."