एकनळी, दुनळी आणि भरिताची वांगी

चार मास्तर आणि सहा कॉम्प्युटर एका खोलीत कोंडले, की किस्से आपोआप साठतात. विद्यार्थी सर्टिफिकेट घेऊन निघून जातात, किस्से मात्र आपल्याच गळ्यात राहतात!

नव्वदच्या दशकाचा शेवट. जळगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही चौघं शिकवायचो: धुळ्याचा दीपक, असोद्याचा सुनील, शिरपूरकडच्या एका खेड्यातला प्रल्हाद आणि मी. रविवारी दुपारची बॅच सुटली की शटर अर्धं खाली यायचं आणि केबलने जोडलेल्या मशीनवर बंदुकांचा गेम सुरू व्हायचा. एकमेकांना शोधायचं आणि उडवायचं, बस्स!

गेममध्ये शॉटगन दोन. एकनळी एक बार टाकायची आणि खटखट करून लगेच दुसऱ्याला तयार. दुनळी दोन्ही नळ्या एकदम रिकाम्या करायची. समोरचा गेला तर गेलाच, पण नेम चुकला तर पुन्हा भरेपर्यंत तुमचंच तेरावं!

दीपक दुनळीचा भक्त. "दुनळी म्हणजे आपली शेवभाजी. पहिल्याच घासाला घाम फुटला पाहिजे!"

"अन् नेम चुकला मंग काय भो?" एकनळीवाला सुनील विचारायचा.

"मग पाणी पी!"

हा वाद आमच्याकडे सिलॅबसपेक्षा जास्त तास चालला.

*

आमचा नियम एकच. सुनील घरच्या शेतातली भरिताची वांगी आणायचा. ती गच्चीवर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची आणि हरलेल्याने मागे थांबून सोलायची. बाकीचे चहाला मोकळे!

हरायचा बहुतेक प्रल्हादच. नेम त्याचा उत्तम, पण माणूस फार भिडस्त. समोर कोणी आलं की याचं बोट बटणावरच अडायचं.

"अरे, मारत का नाहीस?" मी एकदा वैतागून विचारलं.

"तू बेसावध होतास ना!"

असल्या माणसाला कुठली नळी देणार, सांगा!

*

दसऱ्याला क्लासचे मालक नानासर मशीनची पूजा करायचे. एका वर्षी त्यांनी इतक्या मनोभावे केली की हळदकुंकू माउसच्या पोटातल्या गोळीपर्यंत पोचलं. त्या रविवारी सुनीलची एकनळी फक्त डावीकडे वळायची. उजवीकडून जो येईल तो त्याला मारून जायचा.

"सर, तुमच्या भक्तीपायी मी मरू राह्यलो!" सुनील ओरडला.

केबिनमधून शांत उत्तर आलं, "मग उजवीकडं बघूच नकोस."

*

दीपक हरायला लागला की नेटवर्क बंद पडायचं. नेमकं तेव्हाच! सगळे पडदे गोठायचे आणि प्रत्येक जण सांगायचा, "आत्ता मारणारच होतो!"

शेवटी नानासर टेबलाखाली वाकले. केबल निघालेली, शेजारी दीपकची चप्पल.

"हे काय?"

दीपकने डोळ्याची पापणीही हलवली नाही. "दुनळी आहे सर. धक्का बसतो!"

*

आता प्रल्हादच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं ऐका.

आबांकडे खरीखुरी परवान्याची दुनळी होती, पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. निवडणूक लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. रिकाम्या हातांनी आबा थेट जळगावला आले, प्रल्हादला कायमचं घरी न्यायला.

"शेत कोन पाही? आते घर चाल!"

प्रल्हादचा चेहरा उतरला. त्याला इथेच राहायचं होतं, शिकवायचं होतं. तेवढ्यात आबांची नजर वांग्यांच्या टोपलीकडे गेली. सुनीलने त्यांना आमचा नियम समजावला आणि दीपकने लगेच पडदा दाखवला.

"आबा, खेळा. तुम्ही जिंकलात तर प्रल्हादला न्या. हरलात तर तो इथेच."

आबांनी पडद्यावरची बंदूक निरखली. "आशी दुनळी मनाकडेबी शे," म्हणत ते बसले.

पहिला डाव सरावाचा. पण रानात अंधारात राखणदार निजलेले असतात, म्हणून बार टाकण्याआधी हाक द्यायची, ही आबांची आयुष्यभराची सवय. ते खुर्चीतून गरजले, "कोन शे रे तठे? बाजूले व्हा!" आम्ही सगळे इमानदारीत बाजूला झालो. प्रल्हादने मात्र मन घट्ट केलं आणि मागून बार टाकला.

"माले कोनी मारं?"

"मी, आबा."

"हाक का बरं नही मारी?"

प्रल्हाद शरमला. खरा डाव सुरू झाला, बापलेक समोरासमोर. एकनळी रोखून प्रल्हाद ओरडला, "आबा, बाजूले व्हा!"

"नही व्हत."

प्रल्हादचं बोट बटणावरच राहिलं. आबांनी दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या!

आबा उठले, टोपी नीट केली, पिशवी उचलली. प्रल्हादही मान खाली घालून त्यांच्या मागे निघाला.

"तू कोठे चालना?" आबा दारात वळून म्हणाले. "हारेल मान्सनी आठेच थांबीसन वांगा सोलाना, असा नियम शे ना तुमना?"