सर्जनमामांचा धबधबा

आमच्या मामांनी आयुष्यभर लोकांच्या सहली बिघडवल्या, आणि त्याही जागेवरून न हलता. छापखान्यात ते रिटचिंग करायचे. कॅलेंडरं, पोस्टकार्डं, सहल कंपन्यांची माहितीपत्रकं असं सगळं छापायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचं. टेबलाला काच, काचेखाली दिवा, दिव्यावर फिल्म, मामांच्या एका डोळ्याला भिंग आणि हातात ब्लेड. फोटोत विजेची तार आली की मामा ती खरवडून काढत. कचऱ्याचा डबा दिसला की तो गवताखाली गाडत. मळकट तळं निळं करत आणि उजाड बागेत दुसऱ्या कुठल्या तरी बागेतली फुलं आणून लावत. छापखान्यात त्यांना 'सर्जन' म्हणत. ते नाव घरीही आलं, आणि आम्ही भाचरं त्यांना सर्जनमामा म्हणू लागलो.

ज्यांनी ती कॅलेंडरं बघून सहली केल्या, त्यांचं काय होई ते सांगायला नको. एकदा एक गृहस्थ माहितीपत्रक घेऊन थेट छापखान्यात आले. चपला हातात, पाय चिखलानं भरलेले, राग नाकाच्या शेंड्यावर. म्हणाले, "हा किनारा कुठे आहे तेवढं मला दाखवा." मामांनी भिंग लावून चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, "वाळू तिथलीच आहे. समुद्र दुसरीकडचा आहे." गृहस्थांनी एकदा मामांकडे, एकदा चित्राकडे पाहिलं. मग ते हसायला लागले, आणि चहा घेऊन गेले.

मीही त्यातलीच. मोठ्या हौसेनं एका डोंगरावर सूर्योदय बघायला गेले होते. पहाटे उठून, कुडकुडत, तासभर रांगेत उभी राहून मी काय पाहिलं, तर तीनशे माणसांच्या पाठी. परत आल्यावर तणतणत मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मी एकशे चाळीस काढली होती. दोन दिवस लागले." त्यांचं ठाम मत होतं की जागा लांबून बघाव्या, आणि शक्यतो घरूनच. नातेवाइकांची लग्नं सोडली तर त्यांनी स्वतः गावाची वेस कधी ओलांडली नाही.

फक्त एक जागा त्यांनी पाहिलेली होती. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, मामीच्या शिलाई मशीनच्या बरोबर वर, एका धबधब्याचं भलंमोठं चित्र आहे. मामांचं पहिलं मोठं काम. ते कॅलेंडर इतकं खपलं की मालकांनी मामांच्या लग्नात त्याचीच मोठी प्रत काढून, काच लावून भेट दिली. रुंद पांढराशुभ्र पाण्याचा लोट, खाली तुषारांचं धुकं, उजव्या बाजूला पाण्यावर वाकलेलं एक झाड आणि झाडाखाली मेजासारखा सपाट खडक. नवी नवरी असलेल्या मामीनं लग्नानंतर चौथ्याच दिवशी विचारलं, "तुम्ही गेलायत का हो इथे?" आणि मामा म्हणाले, "गेलोय तर."

नुसतं 'गेलोय' म्हणून थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मामांनी तपशील भरले. चष्मा पुसून पुसून बेजार झालो. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, खुणांनी बोलावं लागत होतं. पुढे चौतीस वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा ऐकावा लागला, आणि दर वेळी पाणी थोडं वाढतच गेलं. किस्सा सुरू झाला की मामी उठून चहा टाकायला जायची. सुरुवातीला तिनं बऱ्याचदा म्हणून पाहिलं, "मला न्या ना एकदा." कधी रस्ता बंद असायचा, कधी पाणी कमी असायचं, कधी जास्त. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

यंदा मामीनं कपडे शिवायचं काम थांबवलं. गुडघा आता मशीनचा पायटा मारू देत नव्हता. आम्ही विचारलं, आता तुझी काही इच्छा? ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते." मी त्याच महिन्यात गाडी घेतली होती आणि ती कुठे मिरवावी या विवंचनेत होते. म्हटलं, "चला, येत्या रविवारी. मी नेते."

मामांचा चेहरा पडला. त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"मी तो पाहिलेला नाही," ते म्हणाले.

"काय पाहिलेलं नाही?"

"धबधबा. फोटो आला, मी काम केलं. मी कुठे जाणार होतो? पगारी रजासुद्धा नव्हती मला तेव्हा."

"पण पाणी तरी आहे ना तिथे?"

"आहे. नाही असं नाही." त्यांनी दोन्ही हात समोर धरून माप दाखवलं. ते हळूहळू लहान करत एका वितीवर आणलं. "एवढं होतं. बाकीचं मी केलं."

मी कपाळाला हात लावला. "मग आत्ताच्या आत्ता मामीला सांगा."

"काय सांगू? की लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात थाप मारली, आणि मग चौतीस वर्षं रोज तिच्या डोक्यावर ती टांगून ठेवली? मग ती म्हणेल, ह्या माणसाचं खरं होतं तरी काय?" ते घाबरले होते हे मला दिसत होतं, आणि तरी मला त्यांचा राग आला. भित्र्या माणसांचा मला पटकन राग येतो, त्यातून ते घरातले असतील तर जास्तच.

रविवारपर्यंत त्यांनी काही सांगितलं नाही. उलट निघताना गाडीच्या चारही टायरना त्यांनी आशेनं दाबून पाहिलं. मामी मात्र जय्यत तयारीनिशी आली. तुषारांनी भिजू नये म्हणून तिघांचे तीन रेनकोट. शिवाय मामांचा चष्मा पुसायला मऊ कापडाचे चार तुकडे, चारही बाजूंनी कडा दुमडून शिवलेले. ते तिनं मामांच्या हातात दिले तेव्हा मामा खिडकीतून बाहेर बघायला लागले ते पुढचे तीन तास बघतच राहिले. मामीनं त्याच चित्राचं जुनं पोस्टकार्डही पर्समध्ये घेतलं होतं, जुळवून बघायला.

गाडी लावून आम्ही पायऱ्यांनी खाली उतरलो. मामी पुढे, एकेक पायरी कठड्याला धरून. कान देऊन ऐकत होती बिचारी. ऐकू येत होता तो फक्त चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह. वळणावर कठड्याशी पंचवीस-तीस माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. समोर काळा खडक होता, आणि त्यावरून पाणी असं उतरत होतं की वर कोणीतरी धुणं पिळत असावं. एक वडील मुलांना सांगत होते, "थांबा, येईल." कुठून येईल ते त्यांनाही माहीत नसावं.

मामीनं पाहिलं. पर्समधून कार्ड काढलं. कार्ड पाहिलं, खडक पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं.

"हा तो नाही," ती म्हणाली.

मामा टपरीकडे बघायला लागले.

"अहो, झाड बघा. झाड डावीकडे आहे. आपल्याकडे उजवीकडे आहे. तो सपाट दगडपण डावीकडे. आयुष्यात कधी मी डावी बाही उजवीकडे लावली नाही, मला कळत नाही होय? आपण चुकीच्या ठिकाणी आलोय."

मामांना बुडत्या वेळी फळकूट मिळालं. "असेल," ते म्हणाले. "बहुतेक चुकलोच आपण." मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

मामीनं टपरीवाल्याला गाठलं. "दादा, खरा धबधबा कुठे आहे?"

"वर अजून एक आहे म्हणतात," तो गाळणी झटकत म्हणाला. "तीनशे पायऱ्या आहेत. मी काही गेलो नाही कधी."

झालं. मामीनं कार्ड मामांच्या हातात कोंबलं, रेनकोट खांद्यावर टाकला आणि निघाली. पहिल्या चार-पाच पायऱ्या ती तोऱ्यात चढली. मग एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं गुडघा. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. मी मामांना म्हटलं, "तिचा गुडघा माहीत आहे ना तुम्हाला? तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते."

मामा ऐकतच नव्हते. सवयीनं खिशातून भिंग काढून ते कार्डावरचं झाड बघत होते. मग समोरचं झाड. मग खडकातली एक तिरपी भेग, कार्डावर आणि समोर. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"फिल्म उलटी लागली," ते पुटपुटले.

मला कळेना. त्यांनी घाईघाईनं सांगितलं. फिल्मला दोन अंगं असतात, एक चकचकीत आणि एक मळकट. कॅमेऱ्याखाली ठेवताना ती पालथी पडली की सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं. चित्रात अक्षरं असली तर लगेच कळतं. धबधब्यावर कुठे अक्षरं असतात? छापखान्यातलं कुणीही इथे आलेलं नव्हतं. हजारो प्रती गेल्या, घरोघरी लागल्या, आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम चौतीस वर्षं उलटं टांगलेलं होतं.

मामांनी मान वर केली. मामी पंधराव्या पायरीवर पोचली होती आणि कठड्याला टेकून दम खात होती. मामांचा आवाज एरवी शेजारच्या खोलीत जात नाही. तो त्या दिवशी सगळ्या दरीत गेला. "अगं, थांब. खाली ये. हाच आहे तो."

मामी वळली. "झाड?"

"फिल्म उलटी लागली होती. आमची चूक. हाच आहे."

मामी पंधरा पायऱ्या उतरली. उतरताना तिचा चेहरा विचारात पडलेला दिसत होता, आणि मामांपुढे येऊन उभी राहिली तेव्हा तिनं नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची मला धास्ती होती. "उलटी लागली होती, तर तुम्हाला आजच कसं कळलं? तुम्ही तर येऊन गेला होतात ना इथे?"

आजूबाजूची माणसं चहा प्यायची थांबली. मामांनी चष्मा काढला. त्यांच्या हातात मामीनं शिवलेला तो कापडाचा तुकडा होता आणि चष्मा कोरडा होता. "मी कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले. "पाणीपण एवढंच होतं. मी वाढवलं. तू विचारलंस, आणि मला वाटलं, नाही म्हटलं तर तू म्हणशील, हा माणूस कुठेच गेलेला नाही. म्हणून गेलोय म्हणालो. मग मागे फिरता येईना."

मामी खालच्या पायरीवर बसली. मला वाटलं, आता संपलं. तीन तासांचा परतीचा रस्ता आणि गाडीत ही दोघं, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

"कधीच आला नव्हतात?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुणाबरोबरच नाही?"

"कुणाबरोबर येणार मी?"

"मला काय माहीत कुणाबरोबर." मामीचा आवाज चढला आणि तसाच फुटला. "माणूस एका जागी जाऊन येतो. आल्यागेल्याला रंगवून सांगतो. शेजारच्याशी खुणांनी बोललो म्हणतो. आणि बायको म्हणाली की मला न्या, तर रस्ता बंद. मी काय समजायचं? त्या शेजारच्याचं नाव कधी घेतलंत नाही तुम्ही. मला वाटायचं, कुणीतरी होती. तिच्याबरोबर बघितलेली जागा तुम्हाला माझ्याबरोबर बघायची नाही."

मामांचं तोंड उघडं राहिलं. "चौतीस वर्षं असं वाटत होतं तुला?"

"पहिली दहा वर्षं जास्त. मग शिवणाची कामं वाढली." तिनं पदरानं डोळे पुसले. "उंच होती ती. केस लांब होते तिचे."

"कोण?"

"मी मनात धरलेली."

मला हसू यायला लागलं. दोघांचाही सारखाच राग आला. एकानं खोटं सांगितलं, दुसरीनं विचारलं नाही, आणि मध्ये ते चित्र दर आठवड्याला पुसलं जात राहिलं. मामा तिच्या शेजारी पायरीवर बसले.  म्हणाले, "माझ्या तोंडाकडे बघून तुला असं वाटलं तरी कसं?" त्यावर मामी जी हसायला लागली ती थांबेना. टपरीवाल्यानं न सांगता तीन चहा आणून ठेवले.

नंतर दीड तास ती दोघं तिथून हलली नाहीत. मामांनी तिला सगळं दाखवलं, कुठून पाणी सुरू केलं, कुठला खडक बुजवला, धुकं कशानं केलं. मामी प्रत्येक ठिकाणी "अगंबाई" म्हणत होती. मघाचे ते वडील मुलांना घेऊन निघाले होते. जाता जाता मामीशेजारी थांबून ते वैतागून म्हणाले, "काही नाही हो बघायला. उगाच एवढ्या लांब आलो. तुम्ही पण फसलात का?"

"छे," मामी म्हणाली. "आम्ही दोघंही पहिल्यांदाच आलोय."