सरांच्या नकाशातली कोरी टेकडी

शहरातला माणूस म्हणजे रोज सकाळी इकडून तिकडं सरकणारा एक ठिपका, याहून वेगळी माणसाची व्याख्या ठाऊक नसलेले एकच देवमाणूस मला माहीत आहेत. आमचे गणिताचे सर. निवृत्त झाल्यापासून लोक राहतात कुठं, जातात कुठं, कशानं जातात, याचं गणित मांडतात. आणि बस कुठून न्यायची हे ठरवणारे साहेब त्यांचा सल्ला घेतात. लग्नात सर नवरीकडं बघतच नाहीत, पाहुणे कोणत्या रस्त्यानं आले ते विचारत फिरतात. शेअर रिक्षात शेजारच्याला "उतरणार कुठं?" विचारून त्याच्यामागं स्वतःही उतरतात. एकदा असेच शहराबाहेर पार फुलंब्रीला पोचले, नातीच्या वाढदिवसाचा केक हातात घेऊन.

मी त्यांच्यावर भडकलो ते आमच्या वस्तीपायी. शहराच्या कडेला, हर्सूलच्या पुढं टेकडीवर आमच्या खोल्या. बस नाही. आई कंपनीच्या पहिल्या पाळीला अंधारात हमरस्त्यापर्यंत चालत जाते, मागं कुत्री लागतात. आणि सरांच्या नकाशात टेकडी कोरी!

"तिथं कुणी राहत नाही," सर शांतपणे म्हणाले. "कंपनीच्या गेटवर माझ्या पाहणीच्या पोरांनी एकेकाला 'घर कुठलं' म्हणून विचारलंय. तू म्हणतोस ती सगळी माणसं रोज पिशोर गावाहून येतात."

बससाठी पत्रकं वाटून, भांडून माझी जीभ तिखट झालेली. "सर, तुमच्या गणिताला डोळे नाहीत," म्हणालो आणि त्यांना गाडीवर बसवून थेट घरी आणलं.

आईनं चहा दिला. सरांनी सवयीनं विचारलं, "ताई, घर कुठलं तुमचं?"

"पिशोर," आई आपल्याच शेगडीपाशी उभी राहून म्हणाली.

"मग आत्ता मी कुठं बसलोय?"

"हे व्हय? ही भाड्याची खोली हाय, सर. घर नाय."

सरांनी बशी खाली ठेवली.

त्यांनी प्रश्न बदलला: "काल झोपलात कुठं?" हे बायकांना विचारून पोरांनी गेटवर शिव्या खाल्ल्या, पण टेकडी ठिपक्यांनी भरून गेली. बस अजून यायचीय. साहेबांशी भांडायला मी आहेच.

नवा नकाशा आणायला सरांच्या सिडकोतल्या फ्लॅटवर गेलो. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी, तीही झिजलेली. गमतीनं विचारलं, "सर, घर कुठलं तुमचं?"

"अजिंठा," ते चटकन म्हणाले.

तिथं आता त्यांचं कुणी नाही. दारावरच्या पाटीकडं बघून त्यांनी नकाशा माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस हं."