शेऱ्याचा रकाना

एडवणच्या किनाऱ्यावर जायचं म्हणून मुलानं गाडी काढली की माझं काहीतरी दुखायला लागे. आधी गुडघा, मग पोट, मग चक्कर. मुलगा तारापूरला वीज प्रकल्पात, म्हणून निवृत्तीनंतर मी बोईसरला राहायला आले. चौथ्या खेपेला माझ्याकडचे आजार संपले. नात म्हणाली, "आजी, आता काय, दात?" दात तर माझे नाहीतच. गेले मुकाट्यानं.

खरं कारण घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या गावातल्या एका बाईला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या सरकारी प्रयोगशाळेत होते. शवविच्छेदनानंतर पोलीस सीलबंद बरण्या-बाटल्या आणून देत. त्यांत विष आहे का, दारू आहे का, हे आम्ही तपासायचं. तेव्हाची मी म्हणजे पाहण्यासारखा प्रकार होता. पांढऱ्या कोटाला कडक इस्त्री, खिशाला तीन पेनं, आणि अहवालात एक शब्द जास्त लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात नापास करत असे. अहवालाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. माझा कायम कोरा. यंत्र बोलतं, मी मध्ये तोंड घालत नाही, असं मी कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

एडवणच्या एका मच्छीमाराच्या बाटल्या आल्या. होडीवरून पडला होता, चार दिवसांनी किनाऱ्याला लागला होता. रक्तात दारू निघाली. यंत्राच्या आलेखावर दारूच्या उंच शिखराशेजारी आणखी एक बुटकं शिखर होतं. मी ते पाहिलं. त्याचा अर्थही मला पाठ होता. मेलेलं शरीर कुजताना त्यात आपोआप दारू तयार होऊ शकते, आणि तसं झालं की बऱ्याचदा हे बुटकं शिखर सोबत दिसतं. म्हणजे माणूस थेंबभर न पिता बुडालेला असू शकतो. एवढं एक वाक्य शेऱ्यात लिहायचं होतं. पण पोलिसांनी विचारलं होतं, दारू आहे का? आहे. केली सही, आणि डबा खायला गेले.

काही महिन्यांनी त्याची बायको आली. एका हातात अहवालाची प्रत, दुसऱ्यात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील. दिवसभर माणसांच्या यकृतांत आणि आतड्यांत वावरणारे आम्ही, बोंबलांच्या वासानं नाकाला रुमाल लावून बसलो!

"बाई, हा कागद तू लिवला?"

तिथल्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. मला मात्र झोंबलं.

"अहवाल मी दिलाय. काय म्हणणं आहे?"

"माझा घरवाला पीत नव्हता. सात वरसं झाली. पोरगी झाली तवा देवीसमोर सोडलेली."

"अहो, यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र त्याला वळखतं काय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझा पारा चढला. "हे बोंबील उचला आधी, सरकारी कचेरी आहे ही. आणि बायकोला नवऱ्याचं सगळंच माहीत असतं, असं नाही."

तिनं पुडकं उचललं. तिचा राग माझ्या टेबलासमोर विझलेला मी पाहिला. मला वाटलं, समजूत पटली. केवढी मी शहाणी!

तर त्या दिवशी एडवणला. मुलगा, सून, नात पाण्याकडे गेली. मी बांबूच्या मांडवावर बोंबील टांगणाऱ्या बायकांकडे गेले आणि होडीवरून पडलेल्या माणसाबद्दल विचारलं. त्यांतलीच एक वळली, तीच ती बाई. ती मला ओळखेना. मी कोण ते सांगितलं, मग बुटक्या शिखरापर्यंत सगळं सांगितलं.

"मंग त्यो पिला नव्हता?"

"नक्की सांगता येत नाही. पण पिला होता, असंही म्हणता येत नव्हतं. मला हे तेव्हाच माहीत होतं."

"तवाच?"

"तेव्हाच."

ती वाळूत बसली. ती रडेल या हिशेबानं मी पर्समध्ये दोन रुमाल आणले होते. ती रडली नाही.

"मी त्याला शिव्या दिल्या गं. फोटू काढून पेटीत टाकला. पोरीला सांगितला, तुझा बाप खोटारडा, देवीला फसवला म्हणून बुडाला. यंत्राचं काय, मी मानलं नसतं. पण तू बोललीस ना, बायकोला सगळं ठाव नसतं. तां मी मानलं."

"माझं चुकलं. माफ करा मला."

"माफी घेऊन काय करू? लिवून दे."

आणि ऐका, या वयातही माझ्या तोंडून निघालं, "मी आता निवृत्त आहे, माझ्या लिहिण्याला कायद्यानं काही किंमत नाही."

"पोलिसाला कोण देतंय? पोरीला द्यायचा हाय."

पर्समधल्या डॉक्टरच्या कागदामागं मी लिहिलं. चार ओळी झाल्या. सही केली. तिनं तो घेतला नाही. माकुणसारला दिलेल्या लेकीला फोन लावला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "वाच."

मी वाचलं.

"परत वाच," ती म्हणाली. "आधीचं नको. तुला तवाच ठाव होतं, तां वाच."

बाकीच्या बायकांचे हात थांबले होते. माझ्यामागं नात ओल्या पायांनी येऊन उभी राहिली होती. किती वेळ, कुणास ठाऊक. मी चष्मा नीट केला आणि ती एक ओळ वाचली.