पिंप वाजवायचं नाही

द्राक्षमळ्यांच्या तोकाय गावात विन्त्सेकाकाचं वाइनचं तळघर बघायला येणाऱ्याला दारातच बजावलं जायचं: प्या, गा, वाटल्यास रडा, पण पिंपावर टकटक करायची नाही. पिंप वाजवलं की आत किती वाइन आहे ते कळतं, आणि ते बघणं म्हणजे पाहुण्यानं चुलीवरच्या पातेल्यांची झाकणं उघडणं. वाजवणाऱ्याला त्याच पिंपावर पालथं घालून लाकडी फळीचे तीन फटके. हा रिवाज काही काकाचा एकट्याचा नव्हे, पण बाकीचे हसून सोडून देत. काका सोडत नसे. त्याच्या फळीखालून एक जर्मन दंतवैद्य गेला होता, आणि एकदा तर खुद्द पाद्रीबाबा.

नियमाचं एवढं प्रेम का, ते फक्त त्याच्या बायकोला, पिरोश्काला, ठाऊक होतं. पिंपं रिकामी होती. लागोपाठ दोन वर्षं गारांनी मळा झोडपला होता. भरलेलं पिंप एकच, दाराजवळचं. पाहुणा आला की काका सगळ्या ओळीवरून नजर फिरवायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि म्हणायचा, "आज याची पाळी."

इथवर ठीक होतं. पण लेकीचं, बोरोकाचं, लग्न ठरलं तेव्हा हा गडी भर बैठकीत बोलून बसला, "लग्नाची वाइन सगळी माझ्याकडून." शेजारच्या तार्त्साल गावचे व्याही काल्मान, तेही द्राक्षमळेवालेच, लगेच म्हणाले, "ठरलं." आणि एका रविवारी तळघर बघायला हजर.

"आता तरी सांगून टाक," पायऱ्या उतरताना पिरोश्का कुजबुजली.

"व्याह्यांपुढे नाक कापून घेऊ?"

"नाक ठेव जपून. वऱ्हाडाला काय पाजशील, विहिरीचं पाणी?"

नियम ऐकताच काल्माननी मुकाट्यानं हात पाठीशी बांधले. काकाचा जीव भांड्यात पडला, आणि तसं झालं की त्याची जीभ सुटायची. त्यानं दंतवैद्याची गोष्ट काढली. "हा असा उभा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आणि बोट वाकवून केलं की हो असं."

आणि काकानं करून दाखवलं. ढम्म.

रिकाम्या पिंपाचा आवाज तोकायमध्ये शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. काल्माननी खिळ्यावरची फळी शांतपणे काढली.

"नियम म्हणजे नियम, व्याहीबुवा. वाका."

काका वाकला. भरलेलं पिंप दोघांना हलत नाही. हे मात्र पोटाचा भार पडताच घरंगळलं, पुढच्याला धडकलं, ते त्याच्या पुढच्याला, आणि सगळी ओळ वरातीतल्या ढोलासारखी वाजली. काका जमिनीवर पालथा.

"सगळी?" काल्माननी विचारलं.

"दाराजवळचं सोडून," काका जमिनीकडे बघतच बोलला. "लाज वाटते हो. पण पोरीचं लग्न मोडू नका."

काल्मान पायरीवर बसले. "मोडतोय कशाला? मी एवढ्या घाईनं 'ठरलं' का म्हटलं असेल? तुम्ही बोलला नसतात, तर मला बोलावं लागलं असतं. माझीही पिंपं अशीच वाजतात, म्हणून माझ्याकडची फळी याच्या दुप्पट आहे."

पिरोश्कानं त्यांच्या हातातली फळी काढून घेतली. "मग दोघंही वाका. आणि नंतर शेजाऱ्यांकडे जाऊन वाइन मागा. खरं सांगून."

"मी कुठे पिंप वाजवलं?" काल्मान म्हणाले.

"वाका म्हटलं ना."

फटके तिनं हात राखून मारले नाहीत. थोड्या वेळानं दोघे व्याही पाठीखालचा भाग चोळत शेजारच्या लाझारच्या तळघराशी उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आतच लाझार दार अडवून उभा राहिला.

"या, बसा. पण आमच्यातही पिंप वाजवायचं नाही, आधीच सांगतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गारा काही काकाचाच मळा शोधून पडल्या नव्हत्या.

"नाही वाजवत रे," काका म्हणाला. "तुझ्याकडेही एकच भरलेलं आहे ना? माझ्याकडेही तेवढंच. त्यातली थोडी दे, आणि लग्नाला ये."

लाझारनं इकडेतिकडे पाहिलं, आणि दारातून बाजूला झाला.