पाण्याला उभा राहिलेला शेजारी

चष्म्याच्या दुकानातली ही बाई मुळात पळणाऱ्यांतली नव्हेच. दिवसभर काउंटरमागे बसायचं, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट बसली का बघायचं, नाकावर वळ पडू नयेत म्हणून पॅड जरा वाकवायचे आणि गोड हसायचं. चाळिशी आली तशी जिना चढताना धाप लागायला लागली. एक वकीलबाई वाचायचा चष्मा करायला आल्या आणि हिच्या मागेच लागल्या. "रविवारी आमच्या रनिंग क्लबात ये. पळवत नसेल तर चाल. कोणी हसणार नाही." हिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसली.

नवऱ्याला केवढा आनंद! "आमच्या घराण्यात शाळेतून पळणं सोडलं तर कोणी कुठून पळालेलं नाही," म्हणाला. त्याचं टायरचं दुकान. पंक्चर काढायची, टायर बदलायचे. नखांतली काळी कड साबणाला दाद देत नसे. रविवारी पहाटे त्यानंच तिला स्कूटरवरून मैदानाच्या फाटकाशी सोडलं. अंगात कालचाच तेलकट शर्ट, हँडलला दोन ट्यूब लटकलेल्या. फाटकाशी रंगीत बूट घातलेली, मनगटावर मोठी घड्याळं बांधलेली माणसं उभी होती.

"कोण गं हे?" वकीलबाईंनी सहज विचारलं.

"शेजारी आहेत," ही म्हणाली. "टायरचं दुकान आहे त्यांचं. वाटेवरच पडतं, म्हणून सोडतात."

जीभ घसरली असं पुढे ती स्वतःला सांगत राहिली. कसली घसरतेय! घसरलेली जीभ दुकानासकट इतकं मुद्देसूद बोलत नाही. बोलली आणि कानाच्या पाळ्या तापल्या, एवढं मात्र खरं. स्कूटर तोवर वळली होती. त्यानं ऐकलं नाही, म्हणून तिनं सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासाचीच तिला जास्त लाज वाटली.

क्लब चालवायचे ते शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. माणूस तापट, पण जीव लावणारा. स्वतः वाऱ्यासारखे पळायचे ते हिच्याबरोबर मुंगीच्या पावलानं यायचे. हिनं एखादा दिवस दांडी मारली की वकीलबाईंचा फोन ठरलेला. गुडघा धरला तेव्हा सगळ्यांनी मिळून हिला बूट बदलायला लावले. अशी माणसं नशिबानं मिळतात. चालता चालता ती पळायला कधी लागली, तिलाच कळलं नाही.

पण त्या क्लबाची एक रीत होती. लांब पळायचं असेल त्या रविवारी पाण्याचं टेबल कोणा एकाच्या घरच्यांनी सांभाळायचं. पाळीपाळीनं. सासू, लेक, नवरा, जो असेल त्यानं रस्त्याकडेला उभं राहायचं, पाणी आणि मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी द्यायच्या, येईल त्याला हाका मारायच्या. वकीलबाईंचे मिस्टर तर एवढे ओरडायचे की कुत्री जागी व्हायची. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, "आमचे हे बाहेरगावी असतात. नोकरीला." झालं! एकाच नवऱ्याचे दोन तुकडे केले बाईनं. एक शेजारी, एक बाहेरगावी.

आणि हा घरात बसून तिच्या पोटऱ्या चोळायचा. टायर उचकटणारे ते अंगठे, दुखणं नेमकं कुठे लपलंय ते बरोबर शोधायचे. तिला वर बघवत नसे. पुढे पुढे तो तिला फाटकाऐवजी अलीकडच्या चौकातच सोडायला लागला. "इथून वळायला बरं पडतं," म्हणाला. हिनं का म्हणून विचारलं नाही. विचारायचं धाडस कुठून आणणार?

मॅरेथॉनला नाव नोंदवलं तेव्हा रात्रभर तिला एकच घोर. बेचाळीस किलोमीटरचा नव्हे. हा बघायला आला तर काय, याचा.

"बघायला येणाऱ्यांना आत सोडत नाहीत," तिनं सांगून टाकलं.

"बरं," तो म्हणाला. "तू नीट पळ म्हणजे झालं."

शर्यतीच्या दिवशी अर्ध्यापर्यंत सगळं छान गेलं. मग ऊन चढलं, मांड्यांचे दगड झाले. वकीलबाई शेजारी पळत होत्या, बडबड करून तिला ओढत होत्या. शेवटच्या टप्प्यात, पुलाच्या उताराला, क्लबाचं टेबल दिसलं. टेबलामागे सर होते. आणि सरांच्या बाजूला हा.

धुतलेला शर्ट, चापून बसवलेले केस. हात रॉकेलनं घासून घासून लाल झालेले.

"बघ, तुझे शेजारी," सर कौतुकानं म्हणाले. "पहाटेपासून उभे आहेत. म्हणाले, ताईंचे मिस्टर बाहेरगावी असतात, त्यांच्या पाळीला मी थांबतो."

त्यानं ग्लास पुढे केला. नजर ग्लासावरच. "घ्या ताई," म्हणाला. "थोडंच राहिलंय आता."

बायकोला ताई! तिनं ग्लास घेतला आणि न पिताच टेबलावर ठेवला. हसून थँक्यू म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं, तोही तेवढ्यासाठीच उभा होता. पण तिला ते जमलं नाही.

"सर, हे माझे मिस्टर आहेत," ती म्हणाली.

सरांनी तिच्या कपाळाला हात लावला. इतकं पळाल्यावर माणसं बरळतात, हे त्यांनी पाहिलेलं. वकीलबाई म्हणाल्या, "ऊन लागलंय हिला."

"ऊन नाही लागलं. मी खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून." ती रडायला लागली.

"अगं, पळ आधी," तो हळूच म्हणाला. "घरी बोलू."

मग कोणाला काही विचारायचं उरलं नाही. सरांनी हातातली संत्र्याची फोड खाली ठेवली. वकीलबाई दुसरीकडे बघायला लागल्या. तिनं पुढचं अंतर कसं कापलं ते तिचं तिला ठाऊक. वकीलबाई आता चार पावलं पुढून पळत होत्या. मेडल गळ्यात पडलं तेव्हा टाळ्या झाल्या, फोटो निघाले. हा तिथे नव्हता.

घरी आली तर त्यानं बादलीत गरम पाणी काढून ठेवलेलं.

"कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच महिन्यात. वकीलबाईंची गाडी पंक्चर झाली होती. म्हणाल्या, तुम्ही त्यांचे शेजारी ना. मी म्हटलं, हो. पुढे हवा भरायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं, तिचे मिस्टर बाहेरगावी असतात, पाण्याच्या पाळीला कोणी येत नाही."

"आणि मला काही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू जायची थांबली असतीस. पाय घाल पाण्यात."

ती खूप रडली. माफी मागितली, पुन्हा मागितली. तो "जाऊ दे गं" म्हणत राहिला. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, "पुढच्या रविवारी क्लबाचं पाणी आपल्या घरचं. तुम्ही उभे राहा. मी सगळ्यांना सांगते, हे माझे मिस्टर."

त्यानं बादलीत आणखी एक तांब्या गरम पाणी ओतलं.

"नको," म्हणाला. "शेजारी म्हणून आज अगदी ताठ उभा होतो मी. आता कसा उभा राहू? तुला माझी लाज वाटत होती, हे आता सगळ्यांना कळलंय ना."